होडीत कोण होते

कोपरखैरणे
शुक्रवार, १० नोव्हेंबर १९९५

श्री. विश्वजित,

आधी काय झाले ते लिहिते. सिनेमाचे नंतर.

१. मंगळवारी सकाळी राबाळ्याला आमच्या कंपनीच्या गेटवर एक माणूस आला. ठेंगणा, जाड मिशांचा. आपण मंजुषाचे चुलतभाऊ असल्याचे त्याने वॉचमनला सांगितले. मला चुलतभाऊ नाही.

२. त्याने विचारले: ती कंपनीच्या बसमध्ये कोणाशेजारी बसते, डबा कोणाबरोबर खाते, उशीर झाला तर तिला घरी कोण सोडते.

३. जाताना तो सांगून गेला की मुलीचे लग्न ठरले आहे, डिसेंबरात साखरपुडा आहे आणि त्यानंतर ती नोकरी सोडणार आहे.

४. वॉचमनने हे पर्सोनेलच्या साहेबांना कळवले. ते त्याचे कामच आहे.

५. नव्या टेस्टिंग मशिनच्या ट्रेनिंगसाठी कंपनी दोघांना महिनाभर बंगलोरला पाठवणार आहे. त्यात माझे नाव होते. बुधवारी साहेबांनी मला बोलावून सांगितले की आता ते नाही. "सोडून जाणाऱ्या मुलीला शिकवून कंपनीला काय मिळणार?" असे ते म्हणाले. हसत म्हणाले.

टीव्हीच्या सर्किट बोर्डातला दोष शोधण्यासाठी मी तीन वर्षे त्या टेबलावर बसते आहे. नवे मशिन आल्यावर ज्याला ते येते तो इन्स्पेक्टर होणार आणि ज्याला येत नाही तो पेट्या भरणार. म्हणून हे ट्रेनिंग माझ्यासाठी सहल नव्हते.

नोकरी सोडणार असे मी कोणालाही सांगितलेले नाही. हौसेराव मामांनी तुमचे स्थळ आणले आणि तुम्ही आमच्याकडे पोहे खायला आलात, तेव्हा सर्वांसमोर मी म्हणाले होते की नोकरी चालू राहील. तुम्ही मान हलवली होती.

आण्णांचा संशय मार्केटातल्या कोणावर तरी आहे. त्यांच्या माथाडी टोळीतल्या एकाला आपल्या मुलासाठी त्यांची मुलगी, म्हणजे मी, हवी होती. आण्णा दोन दिवस त्या माणसाशी बोललेले नाहीत. हे सर्व तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे म्हणून लिहिले.

आता सिनेमा. आपले ठरले आहे की साखरपुड्यापर्यंत दर पंधरवड्याला दोघांनी आपापल्या गावी एकच सिनेमा पाहायचा आणि प्रत्येकाने एक जमेची बाजू, एक उणी बाजू लिहायची. आवडीनिवडी विचारून माणूस कळत नाही, सिनेमात त्याला कोणाचा राग येतो यावरून कळतो, असे मी म्हणाले तेव्हा तुम्ही हसला होता. तरी तुम्ही लिहिता. या खेपेचा सिनेमा मागच्या पत्रात ठरलेला 'परतीची होडी'. आधी मत देण्याची पाळी तुमची आहे, म्हणून माझे राखून ठेवते.

मधल्या काळात घरी दोन पाहिले. टाइमबॉम्बचा हिंदी. उणी बाजू: बॉम्बची लाल वायर कशालाच जोडलेली नाही, तीच कापायची की नाही यावर नायक घामाघूम होतो, आणि साठ सेकंदांत दोघांचे गाणे बसते. जमेची बाजू: नायकाची आई एका दृश्यात वाटाणे सोलते. त्या बाईने खरोखर वाटाणे सोललेले आहेत.

दुसरा 'सुनेचा नैवेद्य'. सून नर्स असते, शेवटी ती पांढरा गणवेश घडी करून देवासमोर ठेवते आणि सासू तिला पोटाशी धरते. आमच्या खोलीतल्या सर्व बायका रडल्या. मला जमेची बाजू सापडली नाही. इतका राग मला बॉम्बचाही आला नव्हता.

मंजुषा

*

कराड
१४ नोव्हेंबर

मंजुषा,

पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. कोण हा हरामखोर? तुमच्या वॉचमननं त्याला गेटवरच दोन का लगावल्या नाहीत? मी तिथं असतो तर दाखवलं असतं. पण काय करणार, कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, उसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या आहेत, आणि लॅबमध्ये रस तपासायला आम्ही तिघंच. दिवाळीपासून कराडची हद्द ओलांडलेली नाही.

तुमच्या आण्णांना म्हणावं, मार्केटातल्या त्या माणसावर लक्ष ठेवा. असली माणसं तोंडावर राम राम करतात.

एक सांगतो, रागावू नका. बंगलोर गेलं ते एका परीनं बरंच झालं. महिनाभर परक्या मुलखात, तेही साखरपुडा झाल्या झाल्या, आईला काय वाटलं असतं? ट्रेनिंग काय, पुन्हा मिळेल.

'परतीची होडी' इथं थिएटरला पाहिला. माझं मत असं. जमेची बाजू म्हणजे ते पाणी आणि धुकं. मला समुद्राचं काही कळत नाही, आमचा संबंध कृष्णेशी, पण थंडी वाजली. ती मुलगी एकटी मिठागराचा हिशेब सांभाळते, गावातले लोक तिला त्रास देतात, तेव्हा मुठी आवळल्या गेल्या माझ्या. आणि शेवटी होडीतून तिचा बाप परत येतो ते पाहून बरं वाटलं, घरात कर्ता माणूस आला. थिएटरात टाळ्या पडल्या.

उणी बाजू: बारा वर्षं हा बाप होता कुठं? एक पत्र नाही, निरोप नाही, आणि आला तो डोक्यावर एक पांढरा केस नसताना! दिग्दर्शकाला एवढं तरी सांगायला नको का? मी घरी येईपर्यंत त्याच्याशी मनात भांडत होतो.

'सुनेचा नैवेद्य' आमच्याकडे आईनं दोनदा पाहिला, दोन्ही वेळा रडली. वैष्णवी एकदाही नाही. माझी बहीण तुमच्यासारखीच आहे, तिला सिनेमा बघताना सुद्धा हिशेब लागतो. ती म्हणाली, "दादा, त्या नर्सच्या वॉर्डातल्या पेशंटांचं काय झालं?" आईनं तिला उठवून पाणी भरायला पाठवलं.

तब्येत सांभाळा. पुढचा सिनेमा तुम्ही सुचवा, हसायचा असला तर बरं.

विश्वजित

*

कोपरखैरणे
शनिवार, १८ नोव्हेंबर

श्री. विश्वजित,

होडीत बाप नाही.

होडीत कोणीच नाही. ती रिकामी येऊन धक्क्याला लागते. मुलगी थोडा वेळ तिच्याकडे पाहते, मग आत उतरते, वल्ही घेते आणि धुक्यात निघून जाते. सिनेमा तेथे संपतो. मी वाशीला थिएटरात सोनलबरोबर पाहिला. टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगेतला एक गृहस्थ "हे काय?" म्हणाला.

कराडला वेगळे काही दाखवले असेल, असे मी आधी धरून चालले. माझा मावसभाऊ इंद्रजित तेथे शिकतो. त्याला फोन करून विचारले. तो म्हणाला, "होडी रिकामीच गं, ताई. पोरं खुर्च्यांवर पाय आपटत बाहेर आली."

बाप परत येतो असा शेवट जगात एकाच ठिकाणी आहे. ते ठिकाण बोनकोडे, आमच्या सेक्टरला लागून असलेले गाव. सोनल तेथली. ती कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि तिचा भाऊ केतन गावात केबल चालवतो. रविवारी, ५ तारखेला दुपारी, त्याने कुठून तरी कॅसेट आणून 'परतीची होडी' लावला. मुलगी धक्क्यावर उभी राहते, धुक्यातून होडी येते, आणि पडद्यावर एकदम बायका नाचू लागतात. घरातल्या कोणीतरी त्याच कॅसेटवर सोनलच्या बहिणीच्या हळदीचे शूटिंग भरून ठेवले होते.

सोमवारी डबा खाताना सोनलने हे सांगितले. तिचेच शब्द लिहिते. "आगं, आख्खा गाव आमचे दारान! 'शेवट कुठं हाय, शेवट दे!' केतननं तं सिनेमा बघलाच नव्हता. मंग त्यानं ठोकून दिलं, होडीन तिचा बापूस हाय म्हनून. म्हातारी मानसं खूश झाली, गेली घरा." आम्ही दोघी इतक्या हसलो की मुकादमीण ओरडली.

म्हणजे तो शेवट कोणत्याही थिएटरात नाही. तो केतनच्या तोंडात होता आणि त्या दिवशी बोनकोड्यात असलेल्यांच्या कानात गेला. तुम्ही त्याच्यावर टाळ्याही पाडल्या.

माझे मत, कारण पाळी माझी आहे. जमेची बाजू: रिकामी होडी. उणी बाजू: ती सराईतासारखी वल्हवत जाते, पण वल्हवायला कधी शिकली ते पूर्ण सिनेमात दाखवत नाहीत. गाण्यांना वेळ होता, याला नव्हता.

दोन प्रश्न. ५ तारखेला तुम्ही कोठे होता? मंगळवारी, ७ तारखेला, कोठे होता?

मंजुषा

*

कराड
२१ नोव्हेंबर

मंजुषा,

पत्र नव्हे, पंचनामा आला.

ठीक आहे, कबूल करतो. थिएटरात शेवटी शेवटी माझा डोळा लागला. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून माणूस दमतो. शेवट काय झाला ते एका मित्रानं सांगितलं, तेच लिहिलं. टाळ्या नि बापाचे काळे केस मी पदरचे घातले. तुम्ही इतकं नेटकं लिहिता, मग आपलं पत्र अर्धवट दिसू नये असं वाटलं. त्या मित्राला कुणी सांगितलं मला काय माहीत? ऐकीव गोष्टी काय, तोंडातोंडी कुठंही पोचतात.

आणि देवाशपथ सांगतो, तुमच्या कंपनीच्या गेटवर मी पाऊल ठेवलेलं नाही. मी ठेंगणा आहे का? मला मिशा आहेत का? तुम्ही समोर बसून पाहिलंय मला, चष्म्यासकट.

सिनेमाच्या शेवटावरून माणसाला आरोपी करायचं हे काही बरोबर नाही. आपल्याला आयुष्य काढायचंय.

परवा जत्रेत तंबूत भुताचा विनोदी सिनेमा पाहिला. जमेची बाजू, भूत नायकापेक्षा जास्त घाबरट. लोक लोळत होते. उणी बाजू, मध्येच रीळ उलटं लागलं आणि भूत विहिरीतून वर येण्याऐवजी आत गेलं, पण कुणाला फरकच पडला नाही. तुम्ही असता तर तेवढं एक पकडून बसला असता.

साखरपुड्याची साडी आईनं आणलीय. मोरपंखी. तुम्हाला शोभेल.

विश्वजित

*

कोपरखैरणे
शुक्रवार, २४ नोव्हेंबर

श्री. विश्वजित,

काल कामावरून सुटल्यावर सोनलबरोबर बोनकोड्याला गेले. केतन ओट्यावर वायर सोलत बसला होता. मी विचारले, त्या रविवारी शेवट विचारायला कोण कोण आले होते?

"सगला गाव, ताई. नको ती आठवन."

"गावाबाहेरचे कोणी?"

"पावना व्हता ना एक. उंच, चष्मावाला. नामाकाकाचे चालीन मानसिंग रातो ना, सातारकडचा, त्याचे खोलीवर आल्ता. सगल्यांनी सोडला, यानं काय मना सोडला नाय. बोलतो, 'बाप बारा वर्षं होता कुठं?' मी बोललो, दुबईला. बोलतो, 'मग पत्र का नाही घातलं?' बोललो, शेठ, त्याला लिवता येत नसंल! बोलतो, 'मिठागराचा मालक आणि लिहिता येत नाही?' डोकं खाल्लं निस्तं."

सोनल हसत होती. माझ्याकडे पाहून थांबली.

नामाकाकांची चाळ तेथून तीन घरे सोडून आहे. त्यांची पत्नी गोजराकाकू दारात होती. तिला मी मानसिंगविषयी विचारले. "त्यो ठेंगना, मिशावाला? हाय ना. मंगलवारी सकालीच पावन्याला घेऊन गेलता राबाल्याला. 'कंपनी दाखवतो' बोलला. मी बोलले, कंपनी काय बगाची वस्तू हाय?"

तुम्ही शपथ घेतलीत की गेटवर पाऊल ठेवले नाही. ते खरे असणार. पाऊल मानसिंगने ठेवले, तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे असणार. शपथ घेण्यापूर्वी तुम्ही तिची मापे घेतली होती. खोट्यापेक्षा मला याचा जास्त राग आला.

मला एकदा तुमच्या तोंडून सरळ ऐकायचे आहे, म्हणून अजून मी घरी काही बोललेले नाही. पण त्यामुळे एक गोष्ट रोज घडते आहे. आण्णा अजूनही मार्केटातल्या त्या माणसाशी बोलत नाहीत. वीस वर्षे दोघांनी एकाच गाडीची पोती उतरवली आहेत. काल त्याने आण्णांना तंबाखू पुढे केली आणि आण्णांनी तोंड फिरवले. तुम्ही १४ तारखेला लिहिले होते, त्या माणसावर लक्ष ठेवा. ते लिहिताना हात थांबला नाही का?

दसऱ्याच्या सुमारास आपण दोघांनी ड्रायव्हरचा हिंदी सिनेमा पाहिला होता. श्रीमंत नायक खोट्या नावाने नायिकेच्या घरी गाडी चालवतो, ती कशी आहे ते पाहतो, आणि शेवटी खोटी दाढी काढतो. तुम्ही लिहिले होते: जमेची बाजू, ती परीक्षेत उतरते तेव्हा थिएटर शिट्ट्यांनी भरून जाते. मी लिहिले होते: उणी बाजू, आपली परीक्षा चालू आहे हे तिला कोणी सांगत नाही, आणि त्याची परीक्षा कोणीच घेत नाही. तुमचे उत्तर आले होते, 'सिनेमा आहे हो, एवढं काय!' ते मी तेव्हा मान्य केले. चूक केली.

काय केले ते लिहा. का केले तेही.

मंजुषा

*

कराड
२७ नोव्हेंबर

मंजुषा,

हो. आलो होतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी चार दिवस रजा काढली आणि मानसिंगकडे उतरलो. तो माझ्या गावचा, शाळेपासूनचा मित्र. मीच त्याला गेटवर पाठवलं आणि चहाच्या टपरीवर थांबलो. झालं समाधान?

आता माझंही ऐक. चौकशी कोण करत नाही? लग्न म्हणजे काय बाजारातनं वांगी आणायची आहेत? तुझ्या आण्णांनी हौसेरावांना आमच्या कारखान्यात पाठवलं होतं. विश्वजित दारू पितो का, कुणाशी लफडं आहे का, हे आमच्या मॅनेजरला विचारलं त्यांनी. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी तुला पंचनामा पाठवला? मी म्हटलं, मुलीचा बाप आहे, विचारणारच. मग मुलाकडच्यांनी विचारलं की तेवढं पाप?

आमच्या भावकीतल्या एकानं आईच्या डोक्यात भरवलं होतं की मुंबईकडच्या कंपन्यांमधल्या मुली अशा नि तशा. रोज जेवताना तोच विषय. मला काही वाटत नव्हतं. पण रोज ऐकलं की वाटायला लागतं. म्हटलं, एकदा बघून येऊ, आईचं तोंड बंद होईल. आणि झालं बंद. वॉचमन म्हणाला, "मान खाली घालून येते, मान खाली घालून जाते, सोनं आहे पोरगी." मी परत येऊन सगळ्यांना अभिमानानं सांगितलं. तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं ना?

नोकरीचं मानसिंग आपल्या मनानं बोलला. नाही, तसं नाही. मीच त्याला म्हणालो होतो की आईची इच्छा आहे, लग्नानंतर बघू. त्यानं ते पक्कं करून सांगितलं. पोह्यांच्या वेळी मी मान हलवली ती हो म्हणून नव्हे, ऐकतोय म्हणून. आता सरळच विचारतेस म्हणून सांगतो. नवरा कराडला आणि बायको राबाळ्याला, हा कुठला संसार? सोडावी लागणारच होती ना कधीतरी? तुला काय वाटलं होतं?

बंगलोरचं होईल असं मला स्वप्नातही नव्हतं. त्याचं वाईट वाटतं. पण तू माणसाला पण मशिनवर लावतेस आणि कुठं दोष आहे तेवढंच बघतेस. त्या रविवारी मी मित्राकडे आलेलो, बाहेर हिंडायचं सोडून खोलीत बसून तो सिनेमा पाहिला. का? तर तू सांगितला होतास म्हणून. वही घेऊन बसलो होतो. मानसिंग हसत होता. ते नाही दिसत तुला?

आणि खरं सांगू? रिकामी होडी कळल्यावर मला बरं नाही वाटलं. तो केतनचाच शेवट चांगला आहे.

आईला यातलं काही कळवू नकोस. पाहुण्यांना निरोप गेलेत. झालं ते इथंच मिटवू.

विश्वजित

*

कोपरखैरणे
गुरुवार, ३० नोव्हेंबर

श्री. विश्वजित,

तुम्ही तू म्हणू लागलात. मी तुम्हीच म्हणते.

खरे लिहिलेत, त्याची नोंद घेतली. ओढून काढावे लागले, त्याचीही.

हौसेराव मामांचे आधी. मामा तुमच्या कारखान्यात हौसेराव म्हणूनच गेले. आपले नाव सांगितले, कोणाकडून आलो ते सांगितले, मॅनेजरसमोर खुर्चीवर बसून विचारले आणि चहा पिऊन आले. म्हणूनच दुसऱ्या दिवशी तुम्हाला कळले. त्यानंतर लॅबमधून तुमचे टेबल हलले नाही. चौकशीचा मला राग नाही. विचारणाऱ्याला नाव असावे, एवढेच म्हणणे आहे. त्या टपरीच्या समोर, रस्त्याच्या अलीकडे, आमची बस थांबते आणि मी रोज तेथे उतरते. तुम्ही रस्ता ओलांडून मलाच विचारले असते, बसमध्ये कोणाशेजारी बसतेस, तर मी सांगितले असते. सोनलशेजारी. तिला उलटी होते म्हणून खिडकी तिला देते.

वॉचमनने मला सोनं म्हटले हे तुम्ही अभिमानाने लिहिता. त्याने नाही म्हटले असते तर? मग तुम्ही साखरपुडा मोडला असता, मला त्याचे कारण कोणी सांगितले नसते, आणि मी जन्मभर स्वतःत दोष शोधत बसले असते. तो शोधण्याची मला सवय आहे, हे तुम्ही बरोबर ओळखले आहे.

आता संसाराचे. कराड आणि राबाळे यांतले अंतर मलाही माहीत आहे. पोह्यांच्या वेळी मी तेच काढले होते. तुम्ही त्या दिवशी 'सोडावी लागेल' म्हणाला असता, तर मी नाही म्हटले असते, दोघांचे वाईट झाले नसते. तुम्ही मान हलवलीत. 'सुनेचा नैवेद्य'मध्ये निदान ती स्वतः गणवेशाची घडी करते. येथे ती घडी मानसिंगने घातली, वॉचमनसमोर.

तुम्ही वही घेऊन सिनेमा पाहिला ते मला दिसते. खरेच दिसते. तुमची पत्रे मला आवडत होती आणि भुताचे वाचून मी एकटी हसले होते, रागात असताना. म्हणूनच हे पत्र चार ओळींचे झाले नाही.

काल घरी सर्व सांगितले. आई म्हणाली, "पाव्हण्यांस्नी सांगून झालंय, आता मोडलं तर गावाकडं तोंड कसं दावायचं?" आण्णा उठले. चप्पल घालून बाहेर गेले, ते त्या मार्केटातल्या माणसाच्या घरी. परत आले तेव्हा दोघे बरोबर होते. आईने न विचारता दोन कप चहा ठेवला. मग आण्णा मला म्हणाले, "मी चुकलो तर त्याच्या दारात जाऊन म्हनलो. तुझा त्यो शिकलेला हाय. त्याला जमतंय का बघ."

म्हणून मागते ते हे.

शुक्रवारी, ८ डिसेंबरला, पर्सोनेलचे साहेब जागेवर आहेत. ट्रेनिंगची नावे शनिवारी पक्की होतात. तुम्ही स्वतः यायचे. गेटवर वॉचमनला स्वतःचे नाव सांगायचे. साहेबांसमोर सांगायचे: "तो माणूस तिचा भाऊ नव्हता, माझा मित्र होता. त्याला मी पाठवले. नोकरी सोडणार असे ती कधीच म्हणाली नाही. ते माझ्या घरच्यांच्या मनातले होते आणि ते बोलण्याचा मला अधिकार नव्हता." मी त्या खोलीत असेन. मध्ये बोलणार नाही. मानसिंगला पाठवू नका. चिठ्ठी पाठवू नका.

माझे नाव परत लागेल की नाही, मला माहीत नाही. बहुधा नाही लागणार. तरी या.

रविवारच्या, १० तारखेच्या साखरपुड्याविषयी आज काही लिहीत नाही. तुम्ही आलात म्हणजे माझा होकार, असे धरू नका. नाही आलात तर मात्र पाहुण्यांना आण्णा शनिवारीच कळवतील, आणि कारण विचारले तर खरे कारण सांगतील. तुमच्या आईलाही.

हंगाम आहे, रजा मिळत नाही, असे असेल तर तसे लिहा. मी ते 'येणार नाही' असे वाचीन.

येणार की नाही, एवढेच हवे आहे. उत्तर गुरुवार, ७ डिसेंबरपर्यंत माझ्या हाती पोहोचावे.

मंजुषा